घरातल्या घरात फाईल का रांगते? केबल, वायफाय, पॉवरलाईन की सरळ एसएसडी

हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून बेडरूममधल्या लॅपटॉपवर लग्नाच्या व्हिडिओंचं फोल्डर टाकायला घेतलं आणि विंडोजने 'अजून पावणेतीन तास' असं दाखवलं, की बहुतेक घरांतून पहिला फोन इंटरनेटवाल्याला जातो. तोही उदारपणे सांगतो, प्लॅन १०० चा ३०० करून घ्या. त्याने काहीही फरक पडत नाही. घरातल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणारी फाईल राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच मागे वळते, बाहेरच्या फायबरशी तिचा संबंधच येत नाही. गच्चीवरच्या टाकीतून बाथरूमला पाणी कमी येतंय म्हणून महापालिकेकडे मोठं कनेक्शन मागण्यातला हा प्रकार.

पैसे घालायचेच असतील तर ते घराच्या आत. माझं मत आधीच सांगून टाकतो: जे मशीन जागेवरून हलत नाही त्याला केबल, जे हलतं त्याला ५ गिगाहर्ट्झचं वायफाय, काम एकदाच करायचं असेल तर एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची वेगवान डिस्क. पॉवरलाईन (घरच्या विजेच्या वायरीतून डेटा नेणारे ॲडाप्टर) सगळ्यात शेवटी, आणि तीही दुकानदार परत घ्यायला तयार असेल तरच.

पाकीट काढण्याआधी आकडा बघा

प्लॅन विकला जातो मेगाबिटमध्ये, कॉपीची खिडकी बोलते मेगाबाईटमध्ये. आठने भागायचं. गिगाबिट केबलची कागदावरची कमाल १२५, प्रत्यक्षात सेकंदाला ११०-११५ मेगाबाईट मिळाले की समजा पूर्ण मिळाले.

चार-पाच जीबीची एकच मोठी फाईल पाठवून बघा. फोल्डर नको. फोल्डरमध्ये व्हॉट्सॲपचे वीस हजार फोटो असले तर प्रत्येक फाईल उघडणं, नोंदवणं, बंद करणं यातच वेळ जातो, वर अँटिव्हायरस एकेकीची झडती घेत बसतो. मोठी फाईल सुसाट जाते आणि फोल्डर तेवढं रखडतं, असं असेल तर काहीही विकत घेऊ नका. फोल्डरची झिप करून पाठवा, नाहीतर विंडोजमध्येच असलेल्या रोबोकॉपी या कॉपीच्या कमांडला एका वेळी आठ-सोळा फाईली उचलायला सांगा.

मोठी फाईलही रखडली तर आकडा नीट वाचा. ३०-४० मेगाबाईटच्या आसपास घुटमळत असेल तर वाटेत यूएसबी २ असण्याची शक्यता मोठी: जुना पोर्ट, जुनी वायर किंवा राउटरच्या मागे लावलेली हार्डडिस्क. (राउटरला डिस्क लावून 'घरचा सर्व्हर' करण्याची कल्पना छान वाटते, पण साध्या राउटरचा प्रोसेसर एवढ्या कामाला पुरत नाही. त्यापेक्षा जुना कॉम्प्युटर चालू ठेवलेला बरा.) ११० ने सुरुवात होऊन थोड्या वेळात २०-३० वर आपटत असेल तर नेटवर्क निर्दोष आहे. ज्या डिस्कवर लिहिताय ती दमली आहे. स्वस्त एसएसडीचा थोडाच भाग झटपट लिहून घेतो, तो भरला की तिची खरी चाल दिसते. कित्येक पोर्टेबल हार्डडिस्कही मोठ्या लिखाणात अशाच बसकण मारतात. आणि आकडा सतत वर-खाली नाचत असेल तर ते वायफाय.

शंका राहिलीच तर आयपर्फ३ हे फुकटचं साधन दोन्ही मशीनवर टाका. ते डिस्कला हात न लावता नुसतं नेटवर्क मोजतं. ते ९४० मेगाबिट दाखवतंय आणि कॉपी मात्र ३० मेगाबाईटने चाललीय, म्हणजे केबलवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर चाचणीआधी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सोय) बंद करा. त्यापायी घरातली कॉपी अडकते किंवा समोरचं मशीन दिसतच नाही.

आता ११ चा आकडा. कॉपी ११-१२ मेगाबाईटवर सरळ रेषेत खिळलीय, ना वर ना खाली, असं दिसलं तर बहुधा कुठेतरी १०० मेगाबिटची कडी आहे. घरांत हे सर्रास सापडतं, आणि दुरुस्ती जवळजवळ फुकट असते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००/१००० च्या जागी १००/१०० असेल तर केबल काढून तिचं टोक उजेडात धरा. पारदर्शक प्लगमधून आठ रंगांच्या तारा दिसायला हव्यात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटचं दोन जोड्यांत भागतं. म्हणून काही ठिकाणी केशरी आणि हिरवी जोडी तेवढी प्लगमध्ये दाबून बसवलेली (क्रिम्प केलेली) असते, निळी आणि तपकिरी कापून टाकलेली. किंवा आठही तारा आहेत, पण एकीला टोकाशी नीट पकडच नाही. इंटरनेट चालतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. केबल धड असेल तर राउटरच्या डब्याकडे वळा: कनेक्शनसोबत मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त डब्यांवर चार पोर्टांपैकी एकच गिगाबिट असतो, बाकीचे तीन १०० चे. सगळे दिसायला सारखेच. अशा वेळी हजार-दीड हजारांच्या आसपास मिळणारा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच घ्या आणि घरातली सगळी स्थिर मशीन त्यालाच जोडा. या यादीतली सगळ्यात कमी दिखाऊ आणि सगळ्यात उपयोगी खरेदी तीच.

तेच ५० जीबी, वेगवेगळ्या वाटांनी

२.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, शेजाऱ्यांचे डझनभर राउटर त्याच पट्ट्यात कोकलत असताना, ५ मेगाबाईट मिळाले तर ५० जीबीला पावणेतीन तास लागतात. १०० मेगाबिटच्या केबलवर सव्वा तास. ५ गिगाहर्ट्झवर लॅपटॉप राउटरच्याच खोलीत असेल आणि दुसरं मशीन केबलवर असेल तर ५० मेगाबाईट सहज, म्हणजे सतरा मिनिटं. दोन्ही मशीन वायफायवर असतील तर साधारण दुप्पट वेळ, कारण प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो: एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून. गिगाबिट केबलवर साडेसात-आठ मिनिटं. बाहेरची एसएसडी यूएसबी ३ ला ४०० मेगाबाईटने चालली तर भरायला दोन मिनिटं, उतरवायला दोन, मध्ये पॅसेजमधून चालत जायचं तेवढं.

ते 'दोनदा हवेतून' प्रकरण लक्षात घेतलं तर अर्धा उपाय तिथेच सापडतो. दोन्हीकडे केबल ओढायची गरज नाही. हॉलमधला कॉम्प्युटर राउटरच्या शेजारीच असतो, त्याला मीटरभर केबल लावली की लॅपटॉपचा वेग जवळपास दुप्पट. लॅपटॉप खरोखर ५ गिगाहर्ट्झवर आहे ना, हेही तपासा. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतो आणि लॅपटॉप कधी कधी २.४ ला चिकटून बसतो. ५ ला वेगळं नाव दिलं की ही भानगड संपते.

वायफाय पुरेल की नाही हे शेवटी भिंती ठरवतात. विटांच्या जुन्या फ्लॅटमध्ये एका भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ बरं चालतं. पुण्या-ठाण्याकडच्या मायव्हान पद्धतीच्या नव्या टॉवरांत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, तिथे दुसऱ्या खोलीतच दम निघतो. कोकणातल्या जांभ्याच्या घरात भिंतच हातभर जाड, तिथे तर बोलायलाच नको. अशा घरांना मेश, म्हणजे घरभर ठेवायच्या दोन-तीन वायफाय डब्यांचा संच, विकला जातो, आणि मोबाइलला सगळीकडे रेंज मिळण्यापुरता तो ठीक आहे. पण दोन पट्ट्यांच्या साध्या मेशमध्ये लांबचा डबा जवळच्या डब्याशी त्याच हवेतून बोलतो, त्यामुळे मोठ्या फाईलचा वेग पुन्हा निम्म्यावर येतो. मेश घ्यायचाच तर त्याचे डबे आपसात केबलने जोडा. आणि केबल ओढणारच असाल तर लांबच्या टोकाला घरात पडलेला जुना राउटरही चालेल: त्याचा डीएचसीपी (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद करायचा, केबल लॅनच्या पोर्टात घालायची. त्याचे पोर्ट १०० चे नाहीत एवढं मात्र बघून घ्या.

केबलचा खरा अडथळा म्हणजे घरच्यांचा 'भिंतीवर वायरी लोंबकळणार का?' हा प्रश्न. तो रास्त आहे. उत्तर अनेकदा भिंतीतच असतं: टेलिफोन किंवा केबल टीव्हीसाठी टाकलेला कन्सील्ड पाईप. लँडलाईन गेली, पाईप राहिला. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून ओढणारा इलेक्ट्रिशियन मिळाला तर फोडाफोड न होता काम होतं. विजेच्या वायरीच्या पाईपातून मात्र नेटवर्कची केबल नेऊ देऊ नका, तो कितीही 'काही होत नाही' म्हणाला तरी. पाईप नसेल तर स्कर्टिंगलगत पांढरी केसिंग पट्टी. काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडण्याआधी सोसायटीला विचारा. केबल कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, स्वस्त मागितलीत तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए हातात पडते. ती लवकर तुटते, आणि मग तोच तो ११ चा आकडा.

पॉवरलाईन ॲडाप्टर ऐकायला झकास: विजेच्या वायरीतूनच डेटा, भिंतीला धक्का नाही. खोक्यावर १००० किंवा १२०० लिहिलेलं असतं, पण त्याच्या जवळपासही काही मिळत नाही. जुनं वायरिंग, वेगवेगळे एमसीबी, स्वयंपाकघरातला मिक्सर, हलके चार्जर, सगळ्यांचा गोंगाट त्याच तारांत. बंगल्याला थ्री-फेज कनेक्शन असेल तर दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. स्पाइक गार्डमध्ये लावलात तर आहे तेही जातं, थेट भिंतीच्या सॉकेटातच लावावं लागतं. भाड्याच्या घरात, जिथे वायफाय पोचत नाही आणि मालक खिळाही ठोकू देत नाही, तिथे प्रयत्न करून बघायला हरकत नाही. वेगासाठी मात्र हे घेऊ नका.

एकदाच सगळं नव्या लॅपटॉपवर हलवायचं असेल तर वरचं सगळं सोडून द्या. एसएसडी उसनी मिळाली तरी चालेल. साधा पेनड्राईव्ह टाळा: खोक्यावर ३.० असलं तरी लिहिण्याचा वेग बरेचदा केविलवाणा असतो. आणि तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असला तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेणारच नाही, लग्नाचा अखंड व्हिडिओ तिथेच अडेल. एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही.

राहिला २.५ गिगाबिटचा मोह. रोज शे-शे जीबीचं व्हिडिओ एडिटिंग करत असाल आणि दोन्ही टोकांना एसएसडी असेल तर घ्या. भिंतीतली कॅट ५ई किंवा कॅट ६ तशीच चालते, बदलायचे ते स्विच आणि दोन्हीकडची नेटवर्क कार्डं. फाईली मोठ्या हार्डडिस्कवर ठेवत असाल तर ती स्वतःच दीडशे-दोनशेच्या आसपास थकते, त्यामुळे ११० चे फार तर तेवढेच होतील. त्या पैशात दुसरी हार्डडिस्क घेऊन लग्नाच्या व्हिडिओंची आणखी एक प्रत मी करून ठेवीन.