बेळगावचा कुंदा: खाणारा पुण्यात, कढई इथं

बेळगावातून पुण्या-मुंबईकडं निघालेल्या गाडीत कुंद्याचे डबे हमखास सापडतात, आणि त्यातले बरेच दुसऱ्या कुणासाठी घेतलेले असतात. लेक पुण्याला, भाऊ ठाण्याला, व्याही हुबळीला. विकत घेणारा एक, खाणारा दुसरा आणि घोटणारा भट्टीपाशी, गिऱ्हाइकाच्या नजरेआड. खाल्ल्यावर फोन येतो तो डबा पाठवणाऱ्याला. "कुंदा काय सुरेख होता!" एवढं ऐकून तो खूश होतो आणि कौतुक तिथंच थांबतं. म्हणून इथं कुंद्याच्या चवीबरोबरच त्याचं कौतुक कढईपर्यंत कसं न्यायचं हेही लिहितो आहोत. चव नेमकी कळली नाही तर निरोपही नेमका जात नाही.

आधी जिन्नस. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध, साखर आणि भरपूर घोटणं. घरी करायचा तर १ लिटर म्हशीचं दूध, २ ते ३ चमचे दही, १०० ते १२५ ग्रॅम साखर आणि वेलदोडा. पसरट, जाड बुडाच्या कढईत दूध निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवायचं, मग दही घालायचं म्हणजे बारीक दाणा धरतो. पाणी बरंचसं उडाल्यावर साखर. त्यातली दोन चमचे साखर वेगळी भाजून, तांबूस करून घातली की रंग खुलतो. दूध आटताना त्यातली मूळची साखर आणि प्रथिनं तापून तपकिरी होतात. खमंगपणा येतो तो मुख्यतः त्यातून. हे सगळं धरून तासाभराहून जास्त वेळ लागतो आणि शेवटची वीस मिनिटं कालथा थांबवता येत नाही.

बिघडतो तोही याच टप्प्यांवर. दही जास्त झालं तर दाणा रबरासारखा चिवट होतो आणि मागून आंबटपणा येतो. आच मोठी ठेवली तर बुडाला लागतो, आणि तो करपट वास वेलदोड्यानं झाकत नाही. पाणी पुरतं उडालं नाही तर पहिल्या दिवशी मऊ लागतो, पण लवकर खराब होतो. गरम असतानाच झाकण लावलं तर वाफेचं पाणी वरून पडतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. साखर फार आटली तर दुसऱ्या दिवशी खडा.

दुकानात चव बघताना जिभेवर टाळूशी दाबून बघावा. दाणा सुटा लागला पाहिजे, पण कचकचता कामा नये. गोडी आधी आली आणि खमंगपणा मागून आला तर घोटणं नीट झालंय. नुसतीच गोडी येत असेल तर साखरेनं वजन भरलंय. रंग फार गडद म्हणजे उत्तम, ही समजूत सोडावी. भाजलेली साखर जास्त घातली तरी रंग गडद होतो, आणि मग चव कडवट. आमची पसंती मधासारख्या तपकिरी, कडेला किंचित तूप सुटलेल्या, त्याच दिवशीच्या सुट्या कुंद्याला. लांबच्या प्रवासाला मात्र बंद डबा बरा, तारीख बघून. सुटा दोन-तीन दिवसांत संपवावा. फ्रीजमध्ये ठेवला तर तूप गोठून पांढरे ठिपके दिसतात. ती बुरशी नव्हे. अर्धा तास बाहेर ठेवला की पूर्ववत होतो.

आता कौतुकाचं. तोंडावर केलेल्या स्तुतीत ऐकणारा नकळत हेतू शोधतो: याला काही हवंय का? दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या स्तुतीत तो संशय कमी असतो, कारण मूळ बोलणाऱ्याला आपले शब्द कढईवाल्यापर्यंत जातील याची कल्पनाच नव्हती. इलेन वॉल्स्टर आणि लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये यासारखंच तपासलं होतं. बोलणाऱ्याला आपण ऐकतोय हे ठाऊक नाही अशी ऐकणाऱ्याची समजूत असली, आणि विषय त्याच्या जिव्हाळ्याचा असला, तर त्या बोलण्याचा परिणाम जास्त होतो. कढईवाल्याला कुंद्याहून जिव्हाळ्याचं काय असणार? म्हणून समजा डबा पुण्याच्या मावशींना पाठवला, तर त्या घरात, जेवणाच्या ताटावर जे बोलल्या तेच न्यावं. त्याला सजवून आपलं भाषण करू नये.

पण हातोहात जाताना मजकूर झिजतो. केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचे १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग याबाबत मूलभूत आहेत. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला गोष्ट सांगत गेलं की अनोळखी तपशील गळतात आणि ओळखीचा साचा उरतो. कुंद्याचंही तसंच. मावशी म्हणतात, "दाणा जिभेवर विरघळला, पण पेढ्यासारखा टाळूला चिकटला नाही." भाचा भावाला सांगतो, "मावशीला कुंदा फार आवडला." भाऊ दुकानात सांगतो, "तुमचा माल चांगला आहे हं." कामाचं होतं ते पहिलंच वाक्य. फोन आला की तिथंच कागदावर किंवा मोबाइलमध्ये शब्दशः लिहून घ्यावं, निदान एक वाक्य तरी.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक करतात: डब्यावर पेनानं खरेदीची तारीख आणि सकाळ की संध्याकाळ ते लिहिणं. कढई दर घाण्याला बदलते. दूध, आच, घोटणारा हात, सगळंच. तारीख नसेल तर "मागच्या महिन्यातला" एवढंच सांगता येतं आणि कढईवाल्याच्या हाती काही लागत नाही. तारीख सांगितली तर त्याला लगेच आठवतं की त्या दिवशी दही उशिरा घातलं होतं.

दुकानात सांगायची वेळ दुपारची, गिऱ्हाईक कमी असताना. गणपती-दिवाळीच्या गर्दीत नको. आधी पैसे द्यावे, डबा हातात घ्यावा, मग बोलावं. कौतुक आधी आणि "पावशेर जास्त बसवा की अण्णा" नंतर, असं केलं की निरोपाची सगळी किंमत जाते, हेतू दिसतो. गल्ल्यावरच्या मालकाला सांगितलेलं बऱ्याचदा गल्ल्यावरच राहतं. "ज्यांनी केला त्यांना सांगायचंय," असं म्हणून आत निरोप द्यायला सांगावा, किंवा ते मोकळे असतील तर दोन मिनिटं भेटावं. दुसऱ्या दुकानाशी तुलना करू नये. "त्यांच्यापेक्षा तुमचा बरा" म्हटलं की ऐकणारा विचार करतो, हा तिकडं जाऊन उलटं सांगत असणार.

भट्टीवर बरेचदा कन्नड बोलणारे हात असतात, खाणारे मराठी. सीमाभागात याची अडचण होऊ नये. "भाळ चलो आगैती" (फार छान झालाय) एवढं आधी सांगितलं की चेहरा खुलतो. पुढचा तपशील मोडक्या कन्नडमध्ये किंवा मराठीत, समोरचा कुंदा दाखवत सांगावा. मावशींचं मूळ मराठी वाक्यही तसंच ऐकवावं. ते बहुतेकांना कळतं, आणि मूळ शब्द ऐकण्यात वेगळं समाधान असतं.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे खाणाऱ्याचा आवाजच न्यावा. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मिशिगन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर प्रयोग केला. त्यांतल्या काहींना त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी काही मिनिटं भेटला. महिन्याभरानं या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. ज्यांना नुसतं विद्यार्थ्याचं पत्र वाचायला दिलं त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणून मावशींकडून वीस सेकंदांचा आवाजी निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावा, त्यांची हरकत नसेल तर भट्टीपाशी ऐकवावा. शक्य असेल तर सरळ फोनच लावून द्यावा.

ऐकणारा "असू दे हो" म्हणून कालथ्याकडं वळला तर आग्रह करू नये. निरोप पोचलेला असतो. बरेच निरोप न जाण्याचं कारण सांगणाऱ्याचा संकोच असतो. एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांनी २०२१ मध्ये दाखवलं की आपल्या कौतुकानं समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज माणसं कमीच करतात आणि त्याला अवघडल्यासारखं होईल असं उगाच धरून चालतात.

निरोप्यालाही यात काही मिळतं. स्कोरॉन्स्की आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासानुसार, आपण दुसऱ्याचे जे गुण-दोष सांगतो ते ऐकणारा नकळत आपल्यालाच चिकटवतो. चांगलं सांगणारा चांगला वाटू लागतो, आणि कुचाळक्या करणारा कुचका. त्यामुळे करपट वासाची तक्रार आली असेल तर ती चारचौघांत नको. एकट्या कढईवाल्याला, तारखेसकट, कौतुकात न मिसळता, वेगळ्या दिवशी सांगावी.

कढईवाल्यानं काही विचारलं तर ते उलट पुण्याला कळवावं. बहुतेक तो दोनच गोष्टी विचारतो: कितव्या दिवशी खाल्ला, आणि गरम केला होता का. मावशींचं उत्तर पुढचा डबा घ्यायला जाताना घेऊन जावं.