पिनबॉल मशीनला कावी स्टाइलचं आर्ट लावलं, पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

हिवाळ्यात लावलं होतं, आता चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली, पाऊस पण आवरता घेतोय, म्हणून आत्ता लिहितोय. लावल्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो टाकून "एकदम भारी दिसतंय" म्हणणाऱ्या रिव्ह्यूचा गोव्यात काडीचा उपयोग नाही, इथली खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. थोडक्यात सांगायचं तर बाहेरचं आर्ट (व्हिनाइलवर छापून चिकटवलेली चित्रं) टिकलंय, आतल्या ब्लेड्सनी (आतल्या भिंतींवरच्या पट्ट्यांनी) डोकं खाल्लं, आणि चित्रापेक्षा लाकडावर जो जास्त वेळ घातला तोच कामाला आला.

मशीन विल्यम्सचं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. किनाऱ्याकडच्या एका जुन्या हॉटेलच्या गेम रूममध्ये होतं, त्यांनी ती रूम मोडली तेव्हा मिळालं, आता फोंड्यात आमच्या घरी आहे. आतून ठणठणीत, आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालेल असं केलेलं, पण बाहेरून पार रया गेलेली. खिडकीकडची बाजू तर अशी उडालेली की लाल-पिवळा गायब आणि निळी भुतं तेवढी शिल्लक. विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉलचा धंदाच बंद केला. तुमच्याकडे १९९२ च्या अॅडम्स फॅमिलीसारखं गाजलेलं मशीन असेल, जे वीस हजारांवर बनलं, तर त्याचे हुबेहूब डीकॅल्स (चिकटवायची छापील चित्रं) बाहेरून मागवता येतात, वर शिपिंग आणि कस्टम ड्यूटी भरायची तयारी पाहिजे एवढंच. आमचं टायटल तेवढं नावाजलेलं नाही, मग म्हटलं रेडिमेडच्या मागे कशाला लागा, आपलंच काहीतरी करूया.

डिझाइन चुलत बहिणीने केलं. कावी म्हणजे आपल्याकडच्या जुन्या देवळांवर आणि घरांवर दिसतं ते लाल-पांढरं काम, चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर द्यायचा आणि ओला असतानाच कोरून खालचा पांढरा बाहेर काढायचा. बॅकबॉक्सच्या, म्हणजे मशीनच्या डोक्यावरच्या उभ्या पेटीच्या, बाजू उंच आणि अरुंद असतात, तिथे देवळापुढचा दीपस्तंभ असा बसला की जागा त्याच्यासाठीच ठेवलेली वाटते. कॅबिनेटच्या लांब बाजूंवर शिगम्यातली घोडेमोडणी (कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून करतात तो नाच), घोडे पुढच्या बाजूला म्हणजे खेळणाऱ्याकडे धावताहेत. डाव्या-उजव्या बाजूला एकच चित्र उलटं करून चालत नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर एका बाजूच्या सगळ्या तलवारी डाव्या हातात जातात, तिने दोन्ही वेगळी काढली. बॅकग्लासमागचं ट्रान्सलाइट, म्हणजे त्या पेटीच्या पुढच्या काचेमागचं चित्र, मात्र ओरिजिनल ठेवलं. ते मागून उजेड पडणारं काम, आणि ते बदललं की मशीनची ओळखच जाते असं माझं मत. घरात यावरून वाद झाला तो वेगळा.

आता लाकूड. व्हिनाइल खालचं काहीही झाकत नाही. खोक, स्क्रूचं भोक, जुन्या रंगाची कड, सगळं वर उठून दिसतं, आणि पांढरा भाग जास्त असेल तर दुप्पट दिसतं. पाय, साइड रेल्स, फ्लिपर (बॉल मारायचे दांडे) हलवायची बटणं काढून जुना रंग घासला, कोपरे फुगले होते तिथे गाडीच्या रंगकामात वापरतात ती लांबी (पुट्टी) भरली, पुन्हा घासलं, प्रायमर मारला, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हात फिरवला. प्लायच्या उघड्या कडा आणि फ्लिपर बटणांच्या भोकांच्या आतल्या कडा पण सील केल्या, पावसाळ्यात पाणी पितं ते तिथूनच. आमच्या मेस्तांनी प्रायमर झाल्यावर सांगितलं, "बाब, आठवडाभर हात लावू नका." मला वाटलेलं दोन दिवस पुरे, पण त्यांचं बरोबर, कारण वरून सुकल्यासारखा दिसला तरी रंगातला सॉल्व्हंट आतून निघत असतो, त्यावर व्हिनाइल चिकटवलं की काही दिवसांनी फोड येतात आणि लोक बिचाऱ्या व्हिनाइलला शिव्या घालतात.

प्रिंटिंगमध्ये एक झोल झाला. पहिला सेट ज्या दुकानात दिला (नाव घेत नाही) त्यांनी सकाळी प्रिंट काढून दुपारी लॅमिनेशन करून संध्याकाळी हातात दिला, आम्ही खूष, काय फास्ट सर्व्हिस. घरी आणून टेबलावर पसरला तर दोन दिवसांत चारी कडा वर वळल्या. इको-सॉल्व्हंट शाईला लॅमिनेशनच्या आधी एक-दोन दिवस मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर सॉल्व्हंट आत अडकतो, गोंद मऊ पडतो आणि कडा उचलतात. तो सेट नशिबाने मशीनला लागलाच नव्हता. दुसरा सेट दुसरीकडे केला, कास्ट व्हिनाइल, एअर रिलीजवाला, वर यूव्ही मॅट लॅमिनेशन. कास्टचा भाव साध्या कॅलेंडर्ड व्हिनाइलच्या दुपटीच्या वर जातो, पण साधं व्हिनाइल काळाने आकसतं आणि कडेला गोंदाची काळी रेघ सोडतं, दुकानांच्या बोर्डांवर बघा कुठेही. आणि यूव्ही लॅमिनेशन यासाठी की देवळातला लाल मातीचा असतो, तो उन्हाला भीक घालत नाही, आपला प्रिंटमधला लाल मॅजेंटा आणि पिवळा मिळून होतो आणि उन्हात आधी जाणारे हेच दोघे.

लावण्याबद्दल: साबणाचं पाणी मारून लावायची पद्धत सगळीकडे सांगतात, साध्या व्हिनाइलला ठीक आहे, पण एअर रिलीज असेल तर पाणी नको, गोंदात हवा जायला बारीक खाचा असतात त्या पाण्याने भरतात. कोरडंच लावलं. मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी मारून चित्र जागेवर अडकवायचं, एक अर्धा उलटवून मागचा कागद कापायचा, स्क्वीजीने (दाबत ओढायच्या पट्टीने) मधून बाहेर ओढत जायचं, मग दुसरा अर्धा. दोन माणसं लागतातच. सकाळी लवकर केलं, कारण दुपारच्या उकाड्यात गोंद इतका पकडतो की एकदा टेकलं की उचलणं अवघड. पंखा बंद, नाहीतर धूळ. फ्लिपर बटणाच्या भोकावर आधी फुली मारून कापायचं आणि मग कडेने गोल, कटरला नवं पातं घालून, जुन्या पात्याने व्हिनाइल ओढलं जातं.

पाय परत लावताना पाय आणि कॅबिनेट यांच्यामध्ये प्रोटेक्टर हवेतच. शंभर किलोच्या वरचं वजन चार कोपऱ्यांवर येतं आणि पायाचा पत्रा व्हिनाइल चुरगाळतो. आम्ही फेल्ट लावलेले पत्र्याचे घातले, आजवर एक सुरकुती नाही.

पावसाळ्यात काय झालं? घर चिऱ्यांचं, जुलैत भिंत हाताला ओली लागते, म्हणून मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचो, खेळलं नाही तरी, आतल्या बल्बांच्या उबेने दमटपणा कमी होतो. तरी कॅबिनेटच्या आत, तळाच्या रंग न दिलेल्या लाकडावर पांढरी बुरशी आलीच, व्हिनेगरने पुसली. बाहेरच्या आर्टवर बुरशी नाही, फोड नाही, कड उचललेली नाही. फक्त पुढच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे दोन फळ्यांचा जोड आहे, तिथे लाकूड फुगून व्हिनाइलवर केसाएवढी उभी रेघ उठलीय. उजेड तिरका पडला तरच दिसते, मला रोज दिसते.

ब्लेड्स म्हणजे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, प्लेफील्डच्या (बॉल धावतो त्या फळीच्या) दोन्ही अंगांना लावतात ते लांब पट्टे. यांच्यावर पांढऱ्या जमिनीवर लाल वेल घेतलीय, आणि खेळताना खरी मजा हीच देते हे मान्य, पूर्वी काळ्या भिंती होत्या तिथे आता उजेड परत फेकला जातो, फ्लिपरच्या बाजूचे अंधारे कोपरे उजळले, बॉल आऊटलेनकडे, म्हणजे बाजूने वाया जायच्या वाटेकडे, जाताना आधी दिसतो (वाचवता येतो असं म्हटलेलं नाही). मॅटच घ्या, ग्लॉसी ब्लेड मी दुसऱ्याच्या मशीनवर बघितलीय, प्रत्येक एलईडी दोनदा दिसतो. त्रास हा की प्लेफील्ड आणि भिंत यांच्यात जागा जेमतेम असते. रबर बदलायला, बल्ब बदलायला प्लेफील्ड उचलावंच लागतं, आणि उचलताना जरा तिरकं झालं की कड ब्लेडवर घासते. दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकची शीट सरकवूनच उचलतो, तरी उजव्या मागच्या कोपऱ्यात बोटभर लांब चरा पडलाय आणि तिथून लॅमिनेशन सुटायला लागलंय. ज्यांचं मशीन जुनं आहे आणि महिन्याला उघडावं लागतं त्यांनी व्हिनाइलच्या ब्लेड्स घेऊच नयेत, रंगवलेल्या पत्र्याच्या मिळतात त्या बघा किंवा सरळ पांढरा रंग मारा, उजेडाचा फायदा तोच.

चवथीला घर भरलेलं, पोरांची रांग. नेवऱ्या खाऊन तेच हात मशीनला, घोड्यांच्या तोंडांवर तुपाचे पंजे. ओल्या फडक्याने एका पुसण्यात गेले, मॅट लॅमिनेशनबद्दल शंका होती ती फिटली. पण फ्लिपर बटणाभोवती, जिथे सगळ्यांची बोटं टेकतात, तिथे मळकट गोल पडायला लागलाय, पांढऱ्यावर लगेच दिसतो. बटणाखाली पारदर्शक फिल्मची गोल चकती पहिल्या दिवसापासून घाला, लाखमोलाचा सल्ला, किंमत दहा रुपये. आमच्या मोठ्या काकांनी खेळायच्या आधी चष्मा लावून दोन्ही बाजू बघितल्या आणि एका घोडेस्वाराचा फेटा बरोबर नाही म्हणून सांगितलं. बहिणीने फाइल दुरुस्त करून ठेवलीय.

खर्च सगळा धरून, फुकट गेलेला सेट सोडून, अठरा हजारांच्या आसपास, त्यातला जवळजवळ निम्मा लाकूडकाम आणि रंग. विकायचं असेल तर जुनं आर्ट घासण्याआधी दहादा विचार करा, घेणारे बरेच जण ओरिजिनल मागतात, उडालेलं असलं तरी. आम्हाला विकायचं नाही. जोडाची रेघ तशीच राहणार, फक्त उजवी ब्लेड डिसेंबरात हवा कोरडी झाली की बदलणार, या वेळी मागच्या कोपऱ्यात व्हिनाइल दोन इंच आधीच संपवून.