१६८८ चं कँडिया घेतलं आणि मामा झालो

चित्रातल्या समुद्रात एक लंबगोल रिकामी जागा होती. आजूबाजूला बारीक लाटांच्या रेघा, मध्येच अंगठ्याएवढा कोरा कागद. सहा महिने ते चित्र माझ्या टेबलासमोर टांगलेलं होतं आणि ती जागा मला रोज दिसत होती. विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "पत्रा झिजला होता, तिथे शाई धरली नाही." मला ते पटलं, कारण असं चित्र ज्या तांब्याच्या पत्र्यावरून छापतात तो झिजतो हे मला माहीत होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच.

चित्र कँडियाचं. क्रीट बेटावरचं हे शहर, आजचं हेराक्लिओन. व्हेनिसवाल्यांनी बांधलेली तटबंदी, बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले बुरूज, बंदराच्या तोंडाशी समुद्रातला किल्ला. १६४८ ते १६६९ अशी एकवीस वर्षं ऑटोमन सैन्य या शहराला वेढा घालून बसलं होतं. साऱ्या युरोपात त्याच्या बातम्या जात होत्या, त्यामुळे शहराची कोरीव चित्रंही भरपूर निघाली. माझं चित्र ऑल्फर्ट डॅपर याच्या ग्रीक बेटांवरच्या १६८८ च्या डच पुस्तकातून सुटं काढलेलं आहे, असा विक्रेत्याचा दावा होता. (डॅपर स्वतः त्या बेटांवर कधी गेलाच नाही. घरी बसून इतरांची वर्णनं जुळवून त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले. पण त्याची ती लबाडी मला आवडते, माझ्या विक्रेत्याच्या लबाडीची चीड येते.)

मी अगदीच आंधळेपणाने घेतलं नव्हतं. ताम्रपटावरचं चित्र कसं निघतं याची मला कल्पना होती. पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा कोरतात, त्यांत शाई भरून पत्र्याची वरची बाजू पुसून घेतात, मग ओलसर कागद ठेवून सगळं रुळांखालून काढतात. कागद दाबाने रेघांमध्ये शिरतो, म्हणून वाळल्यावर शाई किंचित उठून राहते आणि पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदावर उमटतो. त्याला प्लेटमार्क म्हणतात. मी प्लेटमार्कचा फोटो मागितला, आला. भिंगाखालचा फोटो मागितला, तोही आला: स्वच्छ काळ्या रेघा, टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या, छपाईचे ठिपके कुठेच नाहीत. आता वाटतं, तो भिंगाखालचा फोटो भलत्याच, खऱ्या चित्राचा असणार. त्यात एक बुरूज आणि झाड सोडून ओळखण्यासारखं काही नव्हतंच.

पार्सल फ्रेमसकट आलं. पुढे काच, मागे तपकिरी कागद चिकटवून सगळं बंद, आणि त्यावर सोनेरी कडांचं 'अस्सलतेचं प्रमाणपत्र'. सोबत चिठ्ठी: जुना कागद आहे, फ्रेम उघडू नका, फाटेल. या चिठ्ठीचंच कौतुक वाटून मी विक्रेत्याला भरभरून चांगला अभिप्राय दिला. आता तो काढताही येत नाही.

भांडं फुटलं ते योगायोगाने. बुरुजांची नावं इतक्या बारीक अक्षरात होती की मला मार्टिनेंगोच्या पलीकडे काही लागेना. म्हणून एका मोठ्या ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवलेली त्याच पुस्तकाची प्रत उघडली. चित्र तेच. फक्त समुद्रात, बरोबर त्याच जागी, त्या ग्रंथालयाचा लंबगोल शिक्का होता.

मी बराच वेळ नुसता बघत बसलो. मग आणखी एक गोष्ट दिसली. स्कॅनमध्ये शहराच्या नावाशेजारी कसरीने खाल्लेलं छोटं भोक होतं. माझ्या चित्रात त्याच ठिकाणी काळं कडं होतं, जे मी इतके दिवस शाईचा डाग समजत होतो. कागद तिथे शाबूत. कसरीने खाल्लेलं भोक छापून आलं होतं.

त्या रात्री फ्रेम उघडली. कागद मागच्या पुठ्ठ्याला कडांवर डिंकाने चिकटवलेला होता, तो सोडवायला तास गेला. बोट फिरवलं तर शाई सपाट. रेघांची टोकं भिंगाखाली बोथट. ठिपके नव्हते, कारण चित्र करड्या छटांत न छापता नुसत्या काळ्या रेघांत छापलेलं होतं. रेघांची नक्कल करायला ठिपके लागतच नाहीत. वरून हाताने रंग भरून उरलंसुरलं झाकलं होतं. प्लेटमार्क होता, पण तो कोरा पत्रा दाबून काढलेला. खऱ्या चित्रात पत्र्याखाली आलेला कागद बाहेरच्या कडेपेक्षा गुळगुळीत होतो. इथे आतबाहेर पोत एकच.

कागद उजेडासमोर धरला तर जुन्या हातकागदासारख्या जवळजवळच्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या लांब अंतरावरच्या रेघा, दोन्ही होत्या. क्षणभर आशा वाटली. पण त्या काळच्या कागदात लांब अंतराच्या रेघांलगत लगदा दाट साचून सावली दिसते, ती नव्हती. शेवटी यूव्ही टॉर्च मारला. मागची बाजू निळसर पांढरी चमकली, चहासारखा रंग दाट होता तिथे जरा कमी. कागदात अशी चमक आणणारी द्रव्यं विसाव्या शतकात आली. सतराव्या शतकातला कागद असा उजळत नाही.

घडीची गोष्ट राहिली. पुस्तकात असं मोठं चित्र दुमडून बसवलेलं असतं. माझ्या कागदाला घडी नव्हती. विक्रेता म्हणाला होता, तज्ज्ञाकडून सपाट करून घेतली. पण तटबंदीची रेघ मधोमध केसभर सरकलेली होती, कारण स्कॅन केलेल्या मूळ चित्राला तिथे घडी होती. घडी नसलेल्या कागदावर घडीचा झोल.

विक्रेत्याला मी शिक्क्याबद्दल आणि भोकाबद्दल सविस्तर लिहिलं, शेजारी शेजारी फोटो जोडून. उत्तर तयारच असल्यासारखं दहा मिनिटांत आलं: जाहिरातीत 'ताम्रपट कोरीवकाम, १६८८' असं लिहिलंय, ते कोरीवकाम १६८८ चंच आहे, कागदावर छापलेला ठसा कधीचा हे आम्ही कुठे म्हटलंय? मी जाहिरात पुन्हा वाचली. खरंच कुठेही म्हटलेलं नव्हतं. प्रमाणपत्रावरही नाही. परत करण्याची मुदत केव्हाच संपली होती, आणि तक्रार केल्यावर साइटने तेच कारण देऊन प्रकरण बंद केलं.

तुम्ही असं काही घेणार असाल तर विक्रेत्याला मागची बाजू मागा. फ्रेमबाहेर काढून, उजेडासमोर धरून, पूर्ण कागदाचा फोटो. खरं चित्र विकणाऱ्याला यात अडचण नसते. उलट घडी, फाटलेली कड, हिरव्या रंगाने कागद करपून मागून आरपार दिसणारा डाग हे तो स्वतःहून दाखवतो. आणि 'ठसा कोणत्या वर्षीचा' हे लेखी विचारा. 'पत्रा कोणत्या वर्षीचा' हा वेगळा प्रश्न आहे. जुने पत्रे हात बदलत पुढे पन्नास-शंभर वर्षंही छापले गेलेत, त्यामुळे प्रामाणिक विक्रेताही या प्रश्नाला थांबून, विचार करून उत्तर देतो.

माझ्या कागदाच्या मागे मी पेन्सिलने 'नक्कल' लिहून तो खणात टाकलाय. गेल्या आठवड्यात तेच कँडिया दुसऱ्या नावाच्या खात्यावर पुन्हा विकायला आलेलं दिसलं. जाहिरातीचे शब्द तेच, फ्रेम तीच. समुद्रात लाटा आता नीट भरल्यात आणि नावाशेजारचं काळं कडंही गेलंय. तटबंदी मात्र मधोमध अजून केसभर सरकलेलीच आहे. ते मी त्याला लिहिलं नव्हतं.