जॉर्डन वजा पिपेन किती? बास्केटबॉल-रेफरन्सची परीक्षा

१९९३ मध्ये मायकेल जॉर्डन निवृत्त झाला आणि शिकागो बुल्सचे विजय ५७ वरून ५५ वर आले. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स मायामीला गेला आणि क्लीव्हलँडचे विजय ६१ वरून १९ वर कोसळले. मधे सलग २६ पराभवांची माळही लागली. पहिला दाखला देणारा म्हणतो, संघच सगळं असतो. दुसरा देणारा म्हणतो, छे, माणूसच सगळं असतो. गंमत म्हणजे दोघंही आपले आकडे एकाच संकेतस्थळावरून उचलतात: बास्केटबॉल-रेफरन्स डॉट कॉम. फुकट, जाहिरातींवर चालणारं, एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगचा जवळजवळ प्रत्येक हंगाम पोटात असलेलं. एखाद्या सुपरस्टारच्या यशात सहकाऱ्यांचा वाटा किती, एवढ्या एकाच प्रश्नावर हे संकेतस्थळ इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. माहितीच्या खजिन्याला पाचपैकी साडेचार, पण खेळाडूचं पान उघडल्यावर आधी जे नजरेला पडतं त्याला जेमतेम अडीच. सरासरी गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), असिस्ट (बास्केट करून देणारे पास) यांचा तक्ता पानाच्या वरच्याच भागात असतो, बहुतेक जण तिथूनच परत फिरतात आणि या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथे नसतं. जॉर्डनचा १९८६-८७ चा हंगाम पाहा: सामन्याला ३७.१ गुण. संघाची कामगिरी ४० विजय, ४२ पराभव, आणि प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत बोस्टनकडून ०-३. १९९०-९१ मध्ये त्याची सरासरी ३१.५ वर उतरली. विजय ६१, आणि विजेतेपद. मधल्या काळात काय बदललं हे जॉर्डनच्या पानावर शोधून सापडणार नाही. १९८७ च्या ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) आलेल्या स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँटच्या पानांवर मात्र ते दिसतं.

म्हणून खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ तक्त्यापर्यंत जा आणि पहिला थांबा ‘यूसेज’ या रकान्यावर घ्या. खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चाली त्याच्या हातात संपल्या, हे तो सांगतो. सूत्रात मारलेले फटके, ०.४४ ने गुणलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) यांची बेरीज असते. ०.४४ का, तर प्रत्येक फ्री थ्रोमागे पूर्ण चाल खर्च होत नाही: दोन फ्री थ्रो मिळून एक चाल, आणि बास्केट झाल्यावर मिळालेला जादा फ्री थ्रो तर वेगळी चाल मोजलाच जात नाही. मैदानावर पाच जण, म्हणजे समान वाटणी झाली तर प्रत्येकी २० टक्के. जॉर्डन १९८६-८७ मध्ये ३८.३ वर होता, कोबी ब्रायंट २००५-०६ मध्ये ३८.७ वर, रसेल वेस्टब्रुक २०१६-१७ मध्ये ४१.७ वर. तिघंही पहिल्या फेरीत घरी. यावरून ‘जास्त खेळला म्हणून हरला’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. बऱ्याचदा दुसरं कोणी चेंडू घेऊन काही घडवू शकत नाही म्हणूनच आकडा चढतो. यूसेज हा ताप मोजणारा थर्मामीटर आहे. रोग कुठला, ते पुढच्या पानांवर.

ते पुढचं पान म्हणजे ‘ऑन/ऑफ’, आणि संकेतस्थळाची खरी किंमत तिथे आहे. खेळाडूच्या पानावरच्या मेनूतून तिकडे जाता येतं. हंगाम निवडताना एक खड्डा लक्षात ठेवा: इथे हंगाम संपायच्या वर्षाने ओळखतात, म्हणजे पत्त्यात २०१० दिसलं तर तो २००९-१०. मायामीला जाण्याआधीचा लेब्रॉनचा क्लीव्हलँड हंगाम बघायला जाऊन मायामीचा पहिला हंगाम उघडणारे कमी नसतात.

या पानावर खेळाडू मैदानावर असताना आणि बाकावर असताना संघाचे आकडे शेजारी-शेजारी मांडलेले असतात. बहुतेक जण शंभर पझेशनमागचा (चेंडू ताब्यात आल्याच्या शंभर वेळांमागचा) गुणफरक पाहतात आणि पान बंद करतात. तसं करू नका. फरक कुठल्या रकान्यातून आला ते पाहा. स्टार बसल्यावर संघाची नेमबाजीची टक्केवारी पडत असेल, तर सहकाऱ्यांना मोकळे फटके तोच मिळवून देत होता. टर्नओव्हर वाढत असतील, तर चेंडू सांभाळणारा दुसरा माणूस संघात नाही. आक्रमक रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले) घटत असतील, तर फरक कदाचित स्टारचा नसेलच. त्याच्याबरोबर बाहेर जाणाऱ्या सेंटरचा असेल. आणि प्रतिस्पर्ध्याचेच आकडे सुधारत असतील, तर बचावातली भिंत कोण होतं ते शोधा. अनेकदा ती भिंत स्टारच्या बरोबरीने आत-बाहेर होणारा, गुणांच्या यादीत तळाशी असलेला एखादा फॉरवर्ड निघते.

आता या पानाची गोम. ‘ऑफ’चा आकडा स्टारचं मोल मोजतो तितकाच त्याच्या बदली खेळाडूचा कमकुवतपणाही मोजतो. २०१७ ची ओक्लाहोमा-ह्यूस्टन मालिका घ्या. केविन ड्युरंट ओक्लाहोमा सोडून गोल्डन स्टेटला गेल्यावरचा तो पहिला हंगाम. ओक्लाहोमाच्या वेस्टब्रुकने मालिकेत सरासरी ३७.४ गुण, ११.६ रिबाउंड, १०.८ असिस्ट केले. तो खेळत असतानाच्या १९४ मिनिटांत ओक्लाहोमा १५ गुणांनी पुढे होता. तो बसला त्या ४६ मिनिटांत ५८ गुणांनी मागे. मालिका १-४ ने गेली. ‘पाहा, एकटा लढला’ म्हणायला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण ४६ मिनिटं म्हणजे एक सामनासुद्धा नाही, आणि ती मिनिटं बाकावरच्या मंडळींची होती. हंगामभर प्रत्येक चाल एकाच माणसाच्या हातातून सुरू करायची सवय लावलेला संघ तो माणूस उठल्यावर दुसरी भाषा बोलणार कुठून? हा दोष सहकाऱ्यांचा, संघ बांधणाऱ्यांचा, की चेंडू न सोडणाऱ्याचा, हे ऑन/ऑफ सांगत नाही. पुढच्या हंगामात पॉल जॉर्ज आणि कार्मेलो अँथनी आले, विजय ४७ चे ४८ झाले आणि संघ पुन्हा पहिल्याच फेरीत बाद. नावं मोठी आली, पण तिघांनाही चेंडू हातातच लागायचा.

ढोबळ नियम म्हणून ‘ऑफ’ची मिनिटं पाचशेच्या खाली असतील तर त्या फरकावर पैज लावू नका. प्लेऑफमध्ये स्टार सामन्याला चाळीसेक मिनिटं खेळतो, त्यामुळे तिथलं ‘ऑफ’ जवळजवळ नेहमीच तुटपुंजं असतं.

दुसरी मर्यादा काळाची. चालीगणिक नोंदींवर आधारलेले हे तक्ते १९९६-९७ पासूनच आहेत. जॉर्डनची पहिली चार विजेतेपदं त्याच्या आधीची, म्हणजे नेमका ज्याच्यावर सर्वाधिक वाद होतो तोच काळ कोरा. त्यावर उपाय ‘गेम लॉग’चा, म्हणजे सामनानिहाय नोंदींचा: कोण कुठल्या सामन्यात खेळला नाही ते काढायचं आणि विजय-पराभव वेगळे मोजायचे. काम हाताचं आणि कंटाळवाणं, पण फळ देतं. १९९३-९४ मध्ये पिपेन खेळला त्या ७२ सामन्यांत बुल्स ५१-२१. नव्हता त्या दहांत ४-६. आणि त्याच्या पुढच्या हंगामाचा गेम लॉग तर आवर्जून उघडावा. ग्रँट ऑरलँडोला गेलेला, जॉर्डन अजून परतलेला नाही. त्याच पिपेनसह बुल्स ३४-३१. म्हणजे ‘जॉर्डनशिवाय ५५’ हा आकडा एका हंगामापुरता होता. एक पॉवर फॉरवर्ड गेला (अनुभवी सेंटर बिल कार्टराईटही गेला, हेही धरा) आणि संघ जेमतेम निम्मे सामने जिंकू लागला. मार्च १९९५ मध्ये जॉर्डन परतला, उरलेले सामने १३-४ गेले, आणि प्लेऑफमध्ये बुल्स हरले ते ग्रँटच्या ऑरलँडोकडूनच, २-४. ती जागा भरायला डेनिस रॉडमन आणला. पुढच्या हंगामात सामन्याला ५.५ गुण आणि १४.९ रिबाउंड. संघ ७२-१०. साडेपाच गुणांचा माणूस गुणांच्या तक्त्यात शोधायला गेलात तर दिसणारही नाही.

‘विन शेअर्स’ आणि ‘बॉक्स प्लस-मायनस’ या दोन रकान्यांबद्दल सावध राहा. आकडा एकच असतो, म्हणून वादात फेकायला सोपा. पण विन शेअर्स म्हणजे संघाच्या विजयांची खेळाडूंत केलेली वाटणी; संघच १९ सामने जिंकला तर वाटायला आहे काय? बॉक्स प्लस-मायनस म्हणजे गुण, रिबाउंड वगैरे आकड्यांवरून काढलेला खेळाडूच्या प्रभावाचा अंदाज; त्यातही संघाच्या एकूण कामगिरीशी मेळ घालणारी दुरुस्ती असते. म्हणजे सहकाऱ्यांचं पाणी स्टारच्या भांड्यात झिरपतं, आणि उलटही. सहकाऱ्यांचा वाटा वेगळा काढायला हे आकडे वापरणं म्हणजे चहातून साखर वेचण्यासारखं. एकाच संघातल्या दोन हंगामांची ढोबळ तुलना करायला ठीक.

त्यापेक्षा ‘शूटिंग’चा तक्ता अनेक जण विसरतात तो उघडा. तिथे खेळाडूच्या बास्केटपैकी किती टक्के कुणाच्या तरी पासवर आल्या ते दोन आणि तीन गुणांसाठी वेगवेगळं दिलेलं असतं, शिवाय कोपऱ्यातून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी. स्टारचं पान आणि त्याच्या चार सहकाऱ्यांची पानं शेजारी ठेवा. स्टारच्या स्वतःच्या बास्केट फारशा पासवर नाहीत आणि सहकाऱ्यांचे तीन गुणांचे फटके जवळजवळ सगळे पासवर, असं दिसलं तर गाडीचं इंजिन एकच आहे. मग प्रश्न उरतो तो चाकांचा: कोपऱ्यातले फटके पडतायत का? ते पडत नसतील तर बचाव करणारे कोपरा सोडून रिंगखाली गर्दी करतात, आणि स्टारचं यूसेज चढत राहतं.

डेन्व्हरचे दोन हंगाम या पद्धतीने पाहण्यासारखे आहेत. २०२१-२२ मध्ये जमाल मरे पूर्ण हंगाम बाहेर, मायकेल पोर्टर धाकटा फक्त ९ सामने. निकोला योकिचने २७.१ गुण, १३.८ रिबाउंड, ७.९ असिस्ट करून एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) किताब मिळवला. संघ ४८-३४, आणि पहिल्या फेरीत गोल्डन स्टेटकडून १-४. पुढच्या हंगामात मरे आणि पोर्टर परतले, केंटेव्हियस काल्डवेल-पोप आणि ब्रूस ब्राउन आले. योकिचचे गुण २४.५ वर उतरले, असिस्ट ९.८ वर चढले, आणि प्लेऑफमध्ये १६-४ करत विजेतेपद. त्याच हंगामातला योकिचचा ऑन-ऑफ फरक शंभर पझेशनमागे २० गुणांच्या वर होता. चांगले सहकारी आले तर स्टारचं मोल कमी दिसायला हवं, असं वाटतं ना? इथे तसं झालं नाही, कारण आलेली माणसं बहुतेक सुरुवातीच्या पाचांना जोडली गेली. बाक तसाच दुबळा राहिला. ‘लाइनअप्स’च्या पानावर दोघांच्या, तिघांच्या, पाचांच्या जोड्या पाहिल्या की हे लगेच कळतं. अडचण एवढीच की तिथे भरपूर मिनिटं एकत्र खेळलेल्या जोड्याच दिसतात. ‘मरे आहे, योकिच नाही’ असा हवा तो प्रश्न विचारता येत नाही.

तो विचारायचा असेल तर पीबीपी स्टॅट्स डॉट कॉमवर जा. तेही फुकट. कोण मैदानावर, कोण बाहेर, हे तुम्ही ठरवायचं. दोन खेळाडूंसाठी चार चाळण्या लावा: दोघं आत, पहिलाच आत, दुसराच आत, दोघंही बाहेर. सहकाऱ्याशिवायही स्टारचा आकडा टिकतो की पडतो, ते या चार ओळींत कळतं. दिसायला रुक्ष, मांडणी सरकारी अर्जासारखी, पण या एका कामासाठी बास्केटबॉल-रेफरन्सपेक्षा सरस.

पैसे मोजायची तयारी असेल तर ‘क्लीनिंग द ग्लास’ हे संकेतस्थळ. निकाल लागून गेल्यानंतरची मिनिटं ते हिशोबातून काढून टाकतात. नियम स्पष्ट आहे: चौथ्या क्वार्टरमध्ये १२ ते ९ मिनिटं उरलेली असताना २५ गुणांची, ९ ते ६ मध्ये २० ची आणि त्यानंतर १० ची आघाडी, आणि दोन्ही संघ मिळून सुरुवातीच्या पाचांतले दोनच किंवा त्याहून कमी खेळाडू मैदानावर. ऑन/ऑफसाठी हे महत्त्वाचं, कारण अशी फुकटची मिनिटं जवळजवळ सगळी ‘ऑफ’च्या खात्यात जमा होतात. फक्त वर्गणी भरण्याआधी स्वतःला विचारा, महिन्यातून किती वेळा पाहणार? सकाळी कामावर जाण्याआधी एखादा सामना पाहणाऱ्याला ती गरज नाही. बास्केटबॉल-रेफरन्सचीच सशुल्क शोधसेवा ‘स्टॅटहेड’ विक्रम हुडकायला झकास, पण या प्रश्नात ती फारशी भर घालत नाही.

कोण कोणाला किती पास देतो, हे हवं असेल तर एनबीएच्या अधिकृत संकेतस्थळावर २०१३-१४ पासूनच्या कॅमेऱ्यांच्या नोंदी आहेत. त्यात ‘पोटेन्शियल असिस्ट’ पाहा: ज्या पासनंतर फटका मारला गेला, पडो वा न पडो. हा आकडा मोठा आणि असिस्ट कमी, तर पास देणारा आपलं काम करतोय, हुकतायत ते मारणारे.

वापरण्याच्या सोयीचं थोडक्यात: मोबाइलवर रुंद तक्ते आडवे सरकवावे लागतात आणि उजवीकडचे कामाचे रकाने नजरेआड राहतात. फोन आडवा धरा, किंवा तक्त्यावरच्या मेनूतून सीएसव्ही काढून स्प्रेडशीटमध्ये घ्या. प्रोग्रॅम लिहून धडाधड पानं ओढायला गेलात तर काही काळ दार बंद होतं.

आणि नागपाड्यापासून नागपूरपर्यंतच्या क्लबांच्या प्रशिक्षकांना यातलं एक तरी उचलण्यासारखं आहे. संकेतस्थळ लागत नाही, वही पुरते. प्रत्येक बदलीला गुणफलक आणि घड्याळ लिहा, आत-बाहेर गेलेल्यांचे जर्सी क्रमांक लिहा. सामन्यानंतर प्रत्येकाच्या मिनिटांतला गुणफरक काढायला वीसेक मिनिटं लागतात. दहा-बारा सामन्यांची वही भरेपर्यंत मात्र ती खेळाडूंना दाखवू नका, नाहीतर उणे आकडा पाहिलेला पोरगा पुढच्या सामन्यात पास द्यायचा थांबेल.