आईच्या शिलाई मशीनवरचा एलईडी, दोन वर्षं वापरून (चरई, ठाणे)

आमची आई गेली 26 वर्षं घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको पण करते, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत मशीनच्या बरोबर वर 100 वॅटचा पिवळा बल्ब होता, वायरला लटकवलेला, पत्र्याची टोपी घातलेला. मे महिन्यात त्याच्याखाली बसणं फार त्रासाचं असायचं. पंखा जोरात लावला की कापड उडतं म्हणून पंखा एकवर, आणि वरून तो बल्ब तापलेला, आईच्या मानेला दरवर्षी घामोळं यायचं. तो बल्ब जेवढी वीज खातो त्यातली नव्वद टक्क्यांच्या वर नुसती उष्णताच होते, उजेड उरलेल्यातून. म्हणजे इतकी वर्षं तिच्या डोक्यावर आम्ही एक छोटा हीटर टांगून ठेवला होता.

दोन वर्षांपूर्वी बदलायचं ठरवलं आणि पहिल्यांदा चुकलेच. स्टेशनवरून येताना एका गाडीवरून 60 रुपयाचा लोकल एलईडी आणला, बॉक्सवर ना लुमेन (उजेडाचं माप) लिहिलेले ना काही, फक्त 12 वॅट. लावला तर एकदम पांढराफटक उजेड, मी खूश. आई पण म्हणाली गरम होत नाही गं, बरं वाटतंय. पण तिसऱ्या दिवशी एका काकूंचा मरून रंगाचा ब्लाऊज होता, आईने रीळ लावलं, रात्री शिवून पूर्ण केला, आणि सकाळी खिडकीत धरला तर दोरा चक्क चॉकलेटी. इतक्या वर्षांत रंग मॅच करण्यात आईची चूक झालेली मी पाहिली नव्हती. सगळं उसवून परत शिवायला लागलं, आणि ती काही बोलली नाही पण संध्याकाळी बघते तर तिने पिवळा बल्ब काढून परत लावला होता.

मग जांभळी नाक्याजवळ एक जुनं इलेक्ट्रिकचं दुकान आहे तिथे गेले, आईलाच घेऊन गेले, आणि हा रिव्ह्यू खरं तर त्या दुकानातल्या काकांमुळे लिहितेय. त्यांनी आधी वॅट विचारलेच नाहीत, विचारलं, "काकू, त्याच्याखाली काय काम करणार?" आईने सांगितलं तसं त्यांनी काउंटरवरच्या बोर्डला तीन होल्डर होते त्यात तीन बल्ब लावले आणि आईला म्हणाले पर्समधलं काहीही लाल काढा. आईकडे ब्लाऊजपीसचा तुकडा होता. पहिल्याखाली तो मळकट दिसला, दुसऱ्याखाली जरा बरा, तिसऱ्याखाली घरी खिडकीत दिसतो तसा. इतकं सोपं, पण इतक्या वर्षांत कुठल्याच दुकानात कोणी असं दाखवलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. पांढरा एलईडी आतून मुळात निळा असतो, त्याच्यावर पिवळसर पावडरचा थर देतात आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. (हा निळा एलईडी बनवायला जगाला फार वेळ लागला, लाल 1962 पासून होता पण उजळ निळा नव्वदच्या दशकात जमला, आणि तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, हे मी घरी आल्यावर वाचलं.) स्वस्त मालात ती पावडर साधी असते म्हणून उजेडात लाल रंग कमी पडतो, आणि मरून, राणी, लाल हे सगळे रंग मार खातात. बॉक्सवर सीआरआय म्हणून आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, 100 पैकी, तो बघायचा, घरात 80 चालतो पण रंगाचं काम असेल तर 90 च्या वर. दुसरा आकडा के चा, म्हणजे केल्विन, उजेड किती पिवळा की पांढरा ते सांगणारा, 2700 म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा, 6500 म्हणजे तो पांढराफटक, आणि 4000 मधला. आईसाठी 4000 वाला घेतला. पिवळ्या बल्बचे रंग तसे खरे असायचे, ते मान्य करायलाच पाहिजे, पण त्याच्या पिवळेपणात नेव्ही ब्लू आणि काळा आईला ओळखू यायचे नाहीत, ते आता येतात. आणि उजेड किती ते वॅटवरून नाही तर लुमेनवरून कळतं, जुना 100 वॅटवाला साधारण 1300 लुमेन द्यायचा, हा 12 वॅटचा 1200 देतो, मशीनवर बसल्यावर फरक जाणवत नाही.

काकांनी अजून एक गोष्ट दाखवली, मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनला लावून बल्बकडे धरायचा, जोरात लुकलुक किंवा पट्टे दिसले तर घेऊ नका. जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही, पण आईच्या मशीनला मोटर आहे, अशा उजेडात फिरतं चाक कधीकधी थांबल्यासारखं दिसतं आणि बोटं जवळ असतात. हे ऐकून मी घाबरलेच आणि घरातल्या तिन्ही ट्यूब पण बदलल्या.

ट्यूबबद्दल फार लिहीत नाही. जुनी 40 ची, वर चोक 10-15 खायचा, आता 20 वॅटची एलईडी पट्टी आहे. आमची बिल्डिंग जुनी, मे मध्ये सगळ्यांचे एसी चालू झाले की संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा ट्यूब नुसती फडफडायची, स्टार्टर फिरवत बसा. पट्टी बटण दाबलं की लागते. आणि फुटली तर आतून पारा बाहेर यायची भीती नाही, ट्यूब आणि सीएफएल दोन्हीत पारा असतो, घरात लहान मुलं असतील तर हे लक्षात ठेवा.

देव्हाऱ्यातल्या झिरोच्या बल्बने मात्र मला चकित केलं. नाव झिरो पण खातो 15 वॅटच्या आसपास, आणि आमच्याकडे तो रात्रभर चालू. महिन्याचे चार युनिट नुसते त्याचे. आता अर्ध्या वॅटचा आहे.

बिल आधी 150 युनिटच्या पुढे मागे यायचं, आता 115-120 युनिट. मशीनवरचा बल्ब रोज पाच तास धरला तर एकट्याने 15 युनिट घ्यायचा, आता दोनच्या आत. आणि वाचतात ते महावितरणच्या शंभरच्या वरच्या स्लॅबमधले, जिथे दर जवळजवळ दुप्पट होतो. मशीनवरचा बल्ब 280 ला पडला होता, दोन-अडीच महिन्यांत वसूल.

तक्रार पण लिहिते. बाथरूममध्ये काचेच्या बंद गोळ्यात 9 वॅटचा लावला तो सात महिन्यांत गेला. एलईडी तापत नाही असं म्हणतात ते अर्धंच खरं, उजेड गार असतो पण मागची बुडाची बाजू तापते, आत ड्रायव्हरचं सर्किट असतं (घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं), त्याला हवा मिळाली नाही की तेच आधी जातं. बॉक्सवर 25000 तास लिहिलेलं असतं ते मोकळ्या होल्डरला. काकांनी बल्बच्या बुडावर मार्करने तारीख लिहून दिली होती, ती बघून दोन वर्षांच्या वॉरंटीत लगेच बदलून दिला, बिल पण मागितलं नाही, पण सांगितलं गोळा काढा. काढला, तेव्हापासून ठीक आहे. उलट 2015 मध्ये सरकारची स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना आली होती ना, तिच्यातला 9 वॅटचा एक बल्ब गॅलरीत उघड्या होल्डरला अजून चालू आहे. त्या योजनेआधी सरकारी खरेदीतच एक बल्ब 310 रुपयाला पडायचा, मोठ्या ऑर्डरी निघाल्या तसा 2016 पर्यंत 38 वर आला, म्हणून आज आपल्याला इतके स्वस्त मिळतात.

उजेड कमी-जास्त करायचा जुना रेग्युलेटर असलेल्या बोर्डवर साधा एलईडी लावू नका, लुकलुकतो, डिमेबल लिहिलेलाच लागतो.

आता गौरी-गणपतीच्या आधी आई रात्री अकरापर्यंत बसते, मान कोरडी असते, आणि रीळ घेऊन खिडकीशी जायची सवय सुटलीय. दुकानात जायचं तर दुपारी जा, संध्याकाळी काकांना बोलायला वेळ नसतो, आणि कापडाचा एक लाल तुकडा बरोबर न्या.