जुलैत ‘सर्व्हिसिंग’ला दिलेला कुलर

मृग लागला की विदर्भातल्या खेड्यापाड्यांत कुलर खिडकीतून खाली उतरतो, सपरीच्या कोपऱ्यात जातो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. याच आठ-नऊ महिन्यांच्या आडोशाने एक धंदा चालतो. पेरणीची घाई सुरू असताना ऑटो किंवा छोटा टेम्पो घेऊन दोघं-तिघं गावात शिरतात. “काकाजी, आताच करून ठेवा, पाडव्याले डबल भाव लागन.” टाकी साफ, नवा रंग, मोटरला तेलपाणी, पंपाची तपासणी, सगळं पाच-सहाशेत. माणूस शेतात, घरी म्हातारी माणसं. कुलर टेम्पोत चढतो.

वणीकडच्या एका गावात असंच झालं. कुलर चार दिवसांत चकचकीत होऊन परत आले, घरोघरी एकेकदा बटण दाबून पंखा फिरवून दाखवला, पैसे रोख घेतले, पावती कोणालाच दिली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये कुलर लावले तेव्हा कुणाची टाकी गळायला लागली, कुणाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मोटरी जळाल्या. रिवाइंडिंगसाठी, म्हणजे आतल्या तारेचे वेढे नव्याने भरायला, दुकानात उघडल्या, तेव्हा कुठे कळलं की आतला मालच बदललेला होता. मोबाइल नंबर तोवर बंद.

काय काय बदललं होतं आणि ते कसं ओळखायचं, ते नीट सांगण्यासारखं आहे, कारण हीच माणसं नाहीतर दुसरी दरवर्षी फिरतात.

सगळ्यात मोठी चोरी मोटरीत. जुन्या पत्र्याच्या कुलरची १४०० आरपीएमची एक्झॉस्ट मोटर बहुतेक वेळा तांब्याच्या तारेची असते, आणि तांब्याच्या मोडीला अ‍ॅल्युमिनियमच्या कितीतरी पट भाव मिळतो. “मोटर जाम हाये, दुकानात न्या लागन” म्हणून ती काढतात, तांबं उपसतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचं वाइंडिंग भरून तेच कव्हर परत बसवतात. बाहेरून काही दिसत नाही. हवेच्या फटीतून बॅटरी मारून पाहिलं तरी तार तांबूसच दिसते, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवरही तसल्याच रंगाचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, चढवलेलं असतं.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे वाईटच, असं नाही. कारखान्यात त्याच हिशेबाने बनवलेली अ‍ॅल्युमिनियमची मोटर बरी चालते आणि तसं सांगून स्वस्तात विकली तर त्यात फसवणूक कसली? घोटाळा होतो तो तांब्यासाठी कापलेल्या खाचांत अ‍ॅल्युमिनियम कोंबल्यावर. अ‍ॅल्युमिनियम विजेला तांब्यापेक्षा जास्त अडवतं. तेवढीच वीज तेवढ्याच सहज जायला तारेच्या कापाचं क्षेत्रफळ साधारण १.६ पट लागतं आणि खाचेत तेवढी जागा नसते. मग एक तर त्याच जाडीची तार घालतात, म्हणजे मोटर तापते. नाहीतर जाड तार घालून वेढे कमी करतात, म्हणजे करंट वाढतो आणि तरीही तापते. जुलैच्या गारव्यात दोन मिनिटं फिरवून दाखवली तर काही कळत नाही. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश, त्यात दुपारी गावचं व्होल्टेज २३० वरून १८० वर आलेलं. व्होल्टेज घटलं की मोटरचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, १८० वर जेमतेम ६० टक्के उरतो. पंखा मंदावतो, मोटर घुमते, वॉर्निश जळाल्याचा वास येतो आणि संध्याकाळपर्यंत खेळ खलास.

ओळखायला सगळ्यात सोपं म्हणजे वजन. तेवढ्याच आकारमानाचं अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकं असतं. समजा मोटरीत ४०० ग्रॅम तांबं होतं, तर तेवढीच जागा भरणारं अ‍ॅल्युमिनियम १२० ग्रॅमच्या आसपास भरेल. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हा फरक लगेच दिसतो. म्हणून मोटर कुठेही पाठवण्याआधी पातं काढून नुसतं वजन करायचं आणि ते भिंतीवर खडूने का होईना, लिहून ठेवायचं. परत आल्यावर पुन्हा काट्यावर. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतात, पाव किलो होत नाहीत.

दुसरी खूण जोडाची. वाइंडिंगची तार आणि बाहेर येणारी वायर जिथे जोडतात तिथे स्लीव्ह असते. ती सरकवून बघा. तांब्यावर साधं कथील लगेच धरतं, त्यामुळे जोड झाळलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमवर ते धरत नाही, म्हणून नुसता पिळा मारून टेप गुंडाळलेली असेल तर शंका घ्या. शंका आली तर पुरवठा काढून त्या टोकावरच ब्लेडने किंचित खरवडायचं, वेढ्यांवर नाही. वेढा खरवडला तर चांगली मोटरही शॉर्ट होते. आतपर्यंत तांबूस म्हणजे तांबं. वरून तांबूस आणि जरा खोल गेल्यावर पांढरं निघालं तर तो तांब्याचा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम. या मुलाम्यावर कथील धरतं, म्हणून जोड झाळलेला दिसला एवढ्यावर समाधान मानू नका.

मोटरसोबत तिला सुरू व्हायला मदत करणारा कंडेन्सरही (कपॅसिटर) जातो. आधी ४ मायक्रोफॅरडचा असेल तर त्याच्या जागी २.५ चा किंवा दम गेलेला जुना येतो. पंखा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, किंवा फिरायला लागतो पण वेग धरत नाही. कंडेन्सरवरचा आकडा आणि मोटरच्या पट्टीवरचा आकडा एकच हवा. मल्टिमीटरवर मोजला तर छापील आकड्यापेक्षा पाच टक्क्यांच्या आत फरक चालतो. वस्तू स्वस्त आहे, पण ती कमी पडली की मोटरच तापते.

बेअरिंगच्या नावानेही पैसे घेतात. ‘नवं ६२०१ टाकलं’ असं सांगतात आणि जुनंच रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून परत बसवतात. ६२०१ चं आतलं भोक १२ मिलिमीटर, ६२०२ चं १५. तुमच्या मोटरला कोणतं लागतं ते शाफ्टच मोजून कळतं. काढलेलं जुनं बेअरिंग परत मागा. नवं टाकलं असेल तर जुनं दाखवायला त्याला काय अडचण?

टाकीची गोष्ट जास्त वाईट, कारण ती फुकट बिघडवतात. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड. सीझनभरात टाकीच्या तळाला आणि भिंतींना पांढरा थर चढतो. तो घासायला वेळ लागतो, म्हणून टेम्पोवाले त्यावर तेजाब ओततात. फसफसून दोन मिनिटांत पत्रा चमकतो, बघणारा खूश. पण फेस नुसत्या क्षाराचा नसतो. जीआय पत्र्याला गंजापासून वाचवणारा जस्ताचा थरही त्याच तेजाबात विरघळतो. मग उघड्या लोखंडावर, नीट न वाळवता, सिल्व्हर रंगाचा एक हात. दिवाळीपर्यंत रंगाखाली गंजाचे फोड येतात आणि एप्रिलमध्ये पाणी भरलं की कोपऱ्यातून धार. परत आलेल्या कुलरच्या टाकीत तेजाबाचा उग्र वास असेल, किंवा कोपऱ्यात नखाने रंग पापडीसारखा निघत असेल, तर पैसे देऊ नका.

पंपाची अदलाबदल तर सर्रास. १८ वॅटचा चांगला पंप जाऊन त्याच लेबलचा हलका पंप येतो, पाणी वरच्या नळीपर्यंत जेमतेम चढवतो आणि ताटीचा, म्हणजे हवा गार करणाऱ्या गवताच्या पडद्याचा, एक कोपरा कोरडाच राहतो. पंपाच्या तळाशी तापलेल्या सुईने एखादी खूण केलेली असली की वाद उरत नाही.

आणि अर्थिंग. तीन पिनांचा प्लग, तीन तारांची वायर काढून दोन पिनांचा प्लग लावून देणं, हा मला यातला सगळ्यात नीच प्रकार वाटतो. दहा-वीस रुपयांसाठी माणसाचा जीव टांगणीला लावायचा. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकने माणसं जातात, बरेचदा टाकीत पाणी भरताना. कुलर कुठूनही परत आला की आधी प्लग बघा, मग हिरवी तार पत्र्याला स्क्रूने घट्ट कसलेली आहे का ते बघा.

खरं तर यातलं बहुतेक काम घरीच अर्ध्या दिवसाचं आहे आणि त्याला मिस्त्री लागतच नाही.

पाऊस नीट बसला, कुलरने दमट वाटायला लागलं, की प्लग काढायचा, टाकी रिकामी करायची आणि गाळ काढून घ्यायचा. पंपाची वायर वेगळी करून नुसता पंखा तासभर चालवायचा म्हणजे आतली ओल जाते. पंप कोरडा चालवायचा नाही, पाण्याशिवाय तो तापून जातो. गवताच्या ताट्या ठेवून उपयोग नाही. ओलं गवत बुरशी धरतं आणि पुढच्या वर्षी घरभर वास. जाळ्या धुऊन वाळवायच्या, गवत उकिरड्यावर. वाळ्याच्या ताट्या चांगल्या असतील तर कडक उन्हात खडखडीत वाळवून सुती कापडात ठेवता येतात. मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅड असतील तर साध्या पाण्याखाली, बारीक धारेने, आणि उभे करून सावलीत वाळवा. जोराच्या धारेने त्यांचे थर सुटतात. पूर्ण वाळले नसताना प्लास्टिकमध्ये बांधले तर आत काळी बुरशी.

टाकीतला थर साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून प्लास्टिकच्या ब्रशने आणि लाकडी फळीच्या धारेने खरवडायचा. लोखंडी खुरपं नको, तेही जस्त ओरबाडतं. पातळ थर राहिला तर राहू द्या, त्याने काही अडत नाही. गंज धरलेल्या जागाच तेवढ्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर रेड ऑक्साइड. चांगल्या, जस्त शाबूत असलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साइड लावू नका. जस्तावर ते टिकत नाही, पापडी होऊन निघतं. वाळल्यावर टाकीला आतून डांबरी काळ्या रंगाचे दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. बुडाच्या बाहेरच्या बाजूलाही लावा, तिथेच ओल धरते आणि तिथेच कोणी बघत नाही. पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून हे काम मृगाआधीच्या कोरड्या दिवसांत झालं तर उत्तम, नाहीतर दसऱ्यानंतर केलं तरी चालतं. तोवर टाकी फक्त कोरडी असली पाहिजे.

पंपाची तळाची जाळी काढा, चुंबकाचं फिरकं बाहेर ओढा. त्याच्या दांडीवर क्षार बसलेला असतो. व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा, वाळवा, घरात डब्यात ठेवा. टाकीतच ठेवलेला पंप पुढच्या वर्षी हमखास जाम निघतो.

मोटर बुशची (बेअरिंगऐवजी धातूच्या साध्या नळीत शाफ्ट फिरणारी) असेल तर दोन्ही टोकांच्या तेलाच्या भोकांत हलक्या मशीन ऑइलचे चार-पाच थेंब. खोबरेल तेल घट्ट होतं, जळालेल्या इंजिन ऑइलमध्ये कचरा असतो, ग्रीस बुशमध्ये मुरत नाही. दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असलेलं बेअरिंग असेल तर काहीच घालायचं नाही. धूळ फुंकून काढा, सुती कापड गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर आत दव धरतं आणि वाइंडिंग ओलं होतं. पोळा आणि दिवाळीला पातं हाताने दोन-चार फेरे फिरवलं की बस.

कुलर चार विटांवर, टाकीचं भोक उघडं, वरून बारदाना किंवा जुनं लुगडं. वायर गुंडाळून वर टांगा, उंदीर आधी तीच कुरतडतात. आतमध्ये विंचूही बसतात, तेव्हा पाडव्याला उचलताना आधी बॅटरी मारा.

मोटर खरोखरच द्यावी लागली तर तालुक्याच्या गावातल्या पक्क्या दुकानात द्या. तिचं वजन, कंडेन्सरचा आकडा आणि ‘तांब्याचं वाइंडिंग’ हे शब्द पावतीवर लिहून घ्या. ‘मोटर रिपेअर’ एवढंच लिहिलेल्या पावतीने काही सिद्ध होत नाही. पावती असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे जुलैत झालेली लबाडी मे महिन्यात उघडी पडली तरी उशीर झालेला नसतो. टेम्पोवाल्याच्या बाबतीत मात्र हाताशी काहीच नसतं, त्याचं दुकानच नाही. निदान गाडीच्या नंबरचा आणि कुलर चढवताना मोटरच्या पट्टीचा फोटो काढायला सांगून ठेवा घरच्यांना. बरेच जण फोटो काढताना पाहूनच ‘उद्या येतो’ म्हणतात.

ठेवणीतला कुलर पाडव्याला सुरू करताना पाणी भरायची घाई नको. आधी इलेक्ट्रिशियनकडून मेगरने, म्हणजे वीज पत्र्यात झिरपते का ते मोजणाऱ्या यंत्राने, मोटर आणि पंप तपासून घ्या. पत्रा आणि तारांमध्ये एक मेगाओमपेक्षा कमी दाखवलं तर मोटर उन्हात दोन दिवस वाळवून पुन्हा मोजायची. मग नुसता पंखा अर्धा तास, प्लग काढून मोटरच्या अंगावर हात. गरम लागली तर हरकत नाही, पण हात क्षणभरही ठेववत नसेल तर ती तशीच खोलून स्लीव्हखालचा जोड बघा. त्यानंतर पाणी, आणि पाणी भरताना दरवेळी प्लग बाहेर. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असला तरीही.