थरांना काटकोनात भार की थरांच्या कलाने?
पंचगंगेच्या पात्रात संथपणे साचलेल्या वाळूचे लांबट कण गुरुत्वाकर्षणामुळे बहुतांशी आडवे बसतात, त्यामुळे तिची ताकद भाराच्या दिशेवर अवलंबून राहते. भार थरांना काटकोनात आला, तर कणांमधील बहुतेक स्पर्शबिंदू तो थेट पेलतात आणि वाळू कमी दबते. भार थरांना समांतर किंवा तिरका असेल, तर कण लवकर वळतात, आकार अधिक बदलतो, आणि घसरणीचे प्रतल थरांशी जुळले की घर्षणकोन (वाळू घसरण्याला किती विरोध करते याचे माप) काही अंशांनी घटतो. इमारतीच्या पायाच्या मध्याखाली पहिली स्थिती असते. कडेबाहेर मात्र मुख्य दाब आडवा होत जाऊन दुसरी उद्भवते. म्हणूनच कोल्हापुरात नदीकाठी बांधकाम करताना केवळ उभ्या दाबाच्या चाचणीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.